आमची वाटचाल: आधी पात्रतेचं पान

डिचोली औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये आज आलात तर दारातच राखाडी रंगाचे लॉकर दिसतील, सहा-सहा कप्प्यांचे. पूर्वी त्याच जागी खनिजाचा टिपर उभा असायचा. फाळका तुटलेला, बॉडीची चाळण झालेली, आणि मालक बाहेर घड्याळ बघत येरझाऱ्या घालतोय, कारण गाडी उभी राहिली की फेरी बुडाली. आमच्या यांनी 2004 साली दोन वेल्डिंग मशीन आणि एका पोऱ्यावर काम सुरू केलं, तेव्हा टेंडर हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. खाण चालू होती, बस्स.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्या वर्षीचं गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान मी उधारीवर आणलं. मधे थोडं काम परत सुरू झालं, पण मार्च 2018 मध्ये पुन्हा सगळं ठप्प. तोवर वर्कशॉपचे हिशेब माझ्याकडे आले होते. दुसऱ्यांदा खाणीची वाट बघत बसायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं.

म्हापशाचा पत्र्याचा व्यापारी म्हणाला, "वहिनी, सरकारला रॅक लागतात, लॉकर लागतात, शिड्या लागतात. वास्कोला शिपयार्ड, बंदर, नौदल, दोनापावलाला एनआयओ, ती समुद्रविज्ञान संस्था. कोणी ना कोणी घेतच असतं." खरंच होतं ते. नंतर कळलेली गंमत अशी की छोट्या उद्योगांकडून ठरावीक खरेदी करण्याचं केंद्राचं धोरण 1 एप्रिल 2012 पासूनच लागू होतं. म्हणजे आमची खाण बंद पडायच्या पाच महिने आधीपासून. तेव्हा 20 टक्के होतं, 2018 मध्ये ते 25 टक्के झालं. केंद्राचं मंत्रालय, खातं किंवा सार्वजनिक उपक्रम असेल तर वर्षभराच्या खरेदीतला एवढा वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. बयाणा रक्कम, म्हणजे सगळे ईएमडी म्हणतात ती, माफ. निविदेचा अर्ज फुकट.

हे वाचून आम्ही हुरळलो, आणि पहिलीच निविदा भरली ती एका इमारतीच्या रेलिंगची. ईएमडी भरली नाही, उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं. लिफाफा उघडला तेव्हाच बाहेर. रेलिंग बसवणं हे बांधकामाचं कंत्राट, आणि धोरण आहे मालासाठी आणि सेवेसाठी. बांधकामाला ते लागू नाही. दुसरी राज्य सरकारच्या एका खात्याची होती. तिथेही आम्ही केंद्राचा नियम धरून बसलो. केंद्राचं धोरण राज्याला बंधनकारक नाही. राज्याच्या निविदेत जी अट छापली असेल तीच खरी.

तिसरी मात्र मनाला लागली. एका केंद्रीय कार्यालयाला स्टीलचे रॅक हवे होते, अगदी आमच्या हातचं काम. सगळे कागद लावले, सीएकडून युडीआयएन नंबरसकट, म्हणजे दाखला खरा आहे हे तपासायच्या नंबरसकट, उलाढालीचा दाखला घेतला. आणि उत्तर आलं: देऊ केलेल्या वस्तूचे उत्पादक नाहीत, त्यामुळे ईएमडीची सूट नाही, म्हणून अपात्र. मी चक्रावले. उत्पादक नाहीत? शेडमध्ये पाच माणसं दिवसभर काय करतात मग? रात्री प्रमाणपत्र समोर घेऊन बसले. 'प्रमुख व्यवसाय: सेवा' असं लिहिलेलं. खाली कोड 45, मोटारगाड्यांची देखभाल-दुरुस्ती. 2020 साली उद्यम सुरू झालं तेव्हा एजंटाने 2 हजार रुपये घेऊन जुन्या उद्योग आधारवरचंच उतरवून काढलं होतं. यांचं टिपर दुरुस्तीचं काम! फर्निचरचा 31 कुठेच नव्हता. सरकारच्या लेखी आम्ही अजून खाणीवरच होतो.

उद्यमची नोंदणी फुकट असते, दुरुस्तीही फुकट, हे त्या रात्री कळलं. पंधरा मिनिटांत मीच कोड टाकले. पण निविदा बंद झाल्यावर बदललेला कागद त्या निविदेला चालत नाही, तो रॅक गेला तो गेलाच. व्यापाऱ्यांना तर ही सूट मुळातच नाही. दुसऱ्याचा माल आणून पुढे देणाऱ्याला उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या कर्जापुरतं. आमच्या ओळखीच्या एकाला हे अजून पटत नाही. तो दर वेळी बाद होतो आणि दर वेळी चिडतो.

मग अनुभवाची अट. बांधकाम आणि मोठ्या बसवणीच्या कामांत साधारण साचा ठरलेला असतो: गेल्या सात वर्षांत तशीच तीन कामं, प्रत्येकी अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची, किंवा दोन 50 टक्क्यांची, किंवा एक 80 टक्क्यांचं. वर तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान 30 टक्के. आमची मोठी कामं होती सगळी खाणवाल्यांची, 2012 च्या आधीची. यांनी फायली काढल्या, पिवळ्या पडलेल्या पावत्या, काहींवर ग्रीसचे डाग. मोजायला बसलो तर सात वर्षांत काहीच बसेना. खासगी काम असेल तर बिलाबरोबर टीडीएसचा पुरावा मागतात, आणि तेव्हा आम्हाला निम्मे पैसे रोखीने मिळायचे. हे गप्पच झाले. वीस वर्षं लोखंड जाळलेल्या माणसाला 'अनुभव नाही' असं कागद सांगतो तेव्हा काय बोलणार?

सूट आहे, पण ती मागून मिळत नाही, खरेदीदाराने द्यावी लागते. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, निविदेच्या पहिल्याच पानावर एक ओळ असते: अनुभव आणि उलाढालीतून एमएसईला, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाला, सूट, होय की नाही. तिथे 'होय' असेल तरच मी पुढचं वाचते. आधी मी दर काढून, पत्र्याचे भाव विचारून, ड्रॉईंग करून मग ही ओळ बघायची. तीन-तीन रात्री त्यात वाया घालवल्या आहेत.

पहिलं काम मिळालं ते लॉकरचं, 160 नग. आमचा दर नगाला 11,400, सगळ्यात खालचा 10,250, तोही एका मोठ्या कंपनीचा. इथे तो पंधरा टक्क्यांचा नियम कामी आला. सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत, म्हणजे आमच्या बाबतीत 11,787 पर्यंत, तर तुम्हाला विचारतात की त्याच दरात देता का. हो म्हणालात तर माल विभागता येत असल्यास किमान चौथा हिस्सा तुमचा. खालचा दरच दुसऱ्या छोट्या उद्योगाचा असता तर आम्हाला कोणी विचारलंही नसतं. आम्ही स्वयंपाकघरात ओट्यावरच कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सीआरसी पत्रा, कुंडईचं पावडर कोटिंग, कुलपं, टेम्पो, दुसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली. नगाला 190 रुपये उरत होते. हे म्हणाले, "घे. दाखला तर मिळेल." 40 लॉकर केले. त्या पूर्तता दाखल्याची मी सहा झेरॉक्स काढून ठेवली.

काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव मात्र माफ नसते. मुलीच्या नावची एफडी त्यासाठी अडकली. बिल 45 दिवसांत यायला हवं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं कायदा सांगतो. उशिराच्या बिलांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. एकदा आमचे चार महिने अडकले होते. केली नाही तक्रार. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार, पुढची निविदा तिथेच भरायची होती.

लोक विचारतात, कामकाज सगळं तुम्ही बघता, मग महिला उद्योजकांचा तीन टक्के वाटा का नाही घेत? तो वाटा त्या पंचवीस टक्क्यांतलाच, आणि खरेदीदाराचं ते वर्षभराचं उद्दिष्ट, प्रत्येक निविदेतला हक्क नव्हे. शिवाय मालकी कागदावर बाईची हवी. भागीदारी केली तर निदान 51 टक्के. माझ्या नावावर फर्म काढली तर पॅन वेगळा, उद्यम नवं, आणि 40 लॉकरचा दाखला यांच्या नावावर. मी पुन्हा शून्य अनुभवाची. सीएंनी दोनदा समजावलं, दोनदा मी हिशेब केला. तूर्त दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे, उद्यमवर नाही.

एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या: सूक्ष्म उद्योगाला 10 कोटींपर्यंत उलाढाल, लघुला 50 ऐवजी 100 कोटी. आम्ही आधीही सूक्ष्म, आताही सूक्ष्म. फरक एवढाच की काल जे मध्यम होते ते आज आमच्याच रांगेत, आमच्याच सवलतीत उभे आहेत. त्यांच्याकडे सीएनसी बेंडिंग मशीन असतं, आमच्याकडे हाताने दाबायचं.

डिजिटल सहीचा पेनड्राईव्ह मी देवघराच्या खणात ठेवते. पावसाळ्यात दुपारी वीज जाते आणि निविदा बरोब्बर तीनला बंद होते, म्हणून शेवटचा दिवस मी धरतच नाही, आदल्या रात्रीच चढवते. परवा हॉस्पिटलच्या बेडसाइड लॉकरची एक आली, 220 नग. यांनी उत्साहाने टेम्पोवाल्याला फोनही लावला. मी पहिलं पान उघडलं. सूट: नाही. तीन वर्षांचा हॉस्पिटल फर्निचरचा अनुभव.

"पत्रा सांगू नका," मी आत आवाज दिला.