नेतृत्व रसदीच्या साठ्यात दिसतं

ध्रुवीय नेतृत्वावरच्या अभ्यासक्रमातलं आजचं जाहीर व्याख्यान बराच वेळ रसदीच्या साठ्यांवरच रेंगाळलं, आणि ते योग्यच झालं. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनने १९११ मध्ये ८० अंश दक्षिण अक्षांशावर, परतीसाठी आधीच ठेवलेल्या साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवे, क्रमांक घातलेले झेंडे रोवले. धुक्यात वाट चुकली तरी साठा कुठल्या बाजूला, किती दूर, हे झेंड्यावरचा आकडाच सांगणार! त्याच शर्यतीतल्या ब्रिटिश स्कॉटचा मोठा साठा मात्र तट्टं थकल्याने ७९ अंश २९ मिनिटांवरच राहिला. ध्रुवावरून परतताना स्कॉटचा शेवटचा मुक्काम झाला तो या साठ्याच्या ११ मैल दक्षिणेला. ठरल्या जागी, म्हणजे ८० अंशांवर, असता तर साठा आधीच लागला असता.

शिवाय स्कॉटच्या रॉकेलच्या डब्यांचे चामडी वॉशर थंडीत निकामी होऊन ते उडून गेलं. अमुंडसेनचे डबे डाख देऊन बंद केलेले. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, प्यायला पाणीही नाही.