चेहरा ओळखीचा, नाव ओठांवर

बुधवार, रात्री उशिरा

आजची नोंद दुसऱ्यांच्या नोंदींबद्दल. १९८५ साली अँड्र्यू यंग, डेनिस हे आणि अँड्र्यू एलिस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २२ जणांना कामाला लावलं. माणसं ओळखताना रोजच्या आयुष्यात जिथे जिथे गडबड होईल, ती लिहून ठेवायची. प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत. अशा १००८ नोंदी जमल्या. कुणी अनोळखी माणसाला ओळखीचा समजलं, कुणी ओळखीच्या माणसाला ओलांडून पुढे गेलं. १९० वेळा असं झालं की माणूस कोण, काय करतो हे सगळं आठवलं, पण नाव काही केल्या येईना. उलट प्रकार, म्हणजे नाव आठवलं पण माणूस कोण ते मुळीच माहीत नाही, एकदाही घडला नाही.

दिवसभर मी या शून्याभोवतीच घोटाळते आहे. १९० हा आकडा कुणालाही पटेल. शून्य मात्र विलक्षण आहे.

पुढच्याच वर्षी विकी ब्रूस आणि यंग यांनी जे प्रारूप मांडलं, त्यात या शून्याला जागा मिळाली. आधी चेहरा ओळखीचा वाटतो. मग त्या माणसाची माहिती जागी होते: नट आहे, पुढारी आहे, खेळाडू आहे. नाव त्यानंतर, आणि तेही या माहितीतून वाट काढत. थेट चेहऱ्यावरून नावाकडे जायला रस्ताच नाही.

प्रसिद्ध माणसांचे चेहरे संशोधकांना का लागतात, तेही यातून कळतं. माझ्या शेजारणीचा फोटो दाखवून शंभर जणांची परीक्षा घेता येणार नाही. सगळ्यांना ठाऊक असलेला चेहरा हवा, आणि त्याची माहितीही सगळ्यांकडे साधारण सारखी हवी. मग नट, गायक, पंतप्रधान कामाला येतात. (प्रसिद्धीचा हा उपयोग त्यांच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आला नसेल.)

नाव अडकलं की आपण काय करतो? चेहरा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणतो. १९९० साली टिम ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. नाव ओठांवर आहे पण येत नाही, अशा अवस्थेतल्या लोकांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला, तर फारसा फायदा झाला नाही. नावाची आद्याक्षरं दिली, तर बरीच नावं सुटून आली. म्हणजे अडचण चेहऱ्यापाशी नसतेच. माणूस सापडलेला असतो, अडतं ते त्याच्या नावाच्या उच्चाराशी.

नावच का अडतं, यावर मात्र एकमत नाही, आणि वाचायला मजा तिथेच येते. १९८७ साली कॅथरीन मॅकविनी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी चेहऱ्यांसोबत आडनावं आणि व्यवसाय शिकवले. काही शब्द मुद्दाम दोन्हीकडे चालतील असे निवडले होते. मराठीत समजा 'सुतार'. हा माणूस सुतारकाम करतो, हे लोकांच्या लक्षात राहायचं. याचं आडनाव सुतार आहे, हे निसटायचं. शब्द तोच! गिलियन कोहेन यांनी १९९० साली बोट ठेवलं ते नावाच्या अर्थशून्यतेवर: व्यवसाय म्हटला की हत्यारं, लाकूड, भुसा असं बरंच काही चिकटून येतं, आडनावाला काहीच चिकटत नाही. माइक बर्टन आणि ब्रूस यांचं म्हणणं वेगळं. नट पुष्कळ असतात, म्हणून 'नट' ही माहिती अनेक वाटांनी जागी होते, पण नाव एकाच माणसाशी बांधलेलं असतं.

माझं मत आधी कोहेन यांच्या बाजूने झुकलं होतं, कारण सर्ज ब्रेदार आणि टिम व्हॅलेंटाइन यांचा १९९८ चा अभ्यास. त्यांनी माणसांऐवजी चित्रकथांतली पात्रं घेतली. हिमगौरीसारखी वर्णन करणारी नावं अल्लादीनसारख्या नावांपेक्षा कमी अडली. पण याच ब्रेदार यांनी २००५ साली सहकाऱ्यांसोबत दुसरंच काही दाखवलं. रोज सोबत काम करणाऱ्यांचे चेहरे दाखवले, तर त्यांची नावं त्यांच्याबद्दलच्या इतर माहितीपेक्षा लवकर आली. म्हणजे नाव नेहमी शेवटीच येतं, असा काही नियम नाही. सोबतच्या माणसाला आपण रोज नावाने हाक मारतो. नटाला कोण हाक मारणार? त्याला पाहतो, त्याच्याबद्दल ऐकतो, नाव मात्र आपल्या तोंडून क्वचित बाहेर पडतं. मला तरी सगळ्यात पटणारं उत्तर हेच वाटतं.

प्रसिद्धीचं आणखी एक दुखणं म्हणजे ती सरहद्दीपाशी थांबते. २०११ साली रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी २० फोटो घेतले आणि लोकांना सांगितलं, एकेका माणसाचे फोटो एकत्र लावा. ब्रिटनमधल्या लोकांना त्या ढिगात सातआठ वेगवेगळी माणसं दिसली. डच लोकांना सरळ दोन. ही प्रसिद्धी शिळीही होते. एका पिढीला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येणारा चेहरा पुढच्या पिढीला कुणाचाही वाटतो, म्हणून या चाचण्यांतले फोटो अधूनमधून बदलावे लागतात.

त्यामुळे नुसतं 'नाव सांगा' विचारून गुण देणारी चाचणी मला पटत नाही. इटलीतल्या कार्लो सेमेंझा आणि मरीना झेट्टिन यांनी १९८८ साली एका रुग्णाचं वर्णन केलं आहे. माणसांबद्दल तो बिनचूक माहिती सांगायचा, पण विशेषनामं त्याला येत नसत. अशा माणसाला शून्य गुण देऊन आपण नेमकं काय मोजलं?

चांगले संशोधक म्हणूनच तीन प्रश्न वेगळे विचारतात: ओळखीचा वाटतो का, कोण आहे, नाव काय. शेवटी न आलेली नावं वाचून दाखवतात आणि विचारतात, हा माणूस तुम्हाला माहीत होता का? माहीतच नसेल, तर तो चेहरा हिशेबातून बाद. माहीत असेल तर उत्तराआधीच 'अरे हो, तोच!' ऐकू येतं. शोधून न सापडणारं नाव दुसऱ्याने उच्चारलं की क्षणात ओळखता येतं, आणि तेवढ्यावरून कळतं की ते डोक्यातून पुसलं गेलेलं नव्हतं.