आठ ट्रॅक्टर आणि दोन स्पेसर

दिंडोरीकडचा माझा एक बागायतदार मित्र आहे. द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर एका दुपारी तो घरी आला, अंगणात उभ्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, “एचपी किती?”

“चारशेच्या आसपास.”

“माझा ट्रॅक्टर पन्नासचा.” त्याने मनात हिशेब केला. “म्हंजे आठ ट्रॅक्टर झाले की. अन् नांगर एकालाबी नाही!”

या गाडीचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याही मासिकात वाचलेलं नाही. बाकीचे लोक “किती देते?” एवढंच विचारतात. शहरात चार-साडेचार, असं खरं उत्तर दिलं की पुढचा माणूस हळूच विषय बदलतो आणि मुलांच्या शिक्षणाची चौकशी करतो.

गाडी म्हणजे फोर्ड मस्टँग, आणि तीही दुसऱ्या हातची. मस्टँग जन्मली 1964मध्ये, पण कारखान्यातूनच उजव्या बाजूला स्टिअरिंग लागून यायला तिची सहावी पिढी उजाडावी लागली. फोर्डने ती भारतात अधिकृतपणे आणली 2016 साली, शोरूमची किंमत 65 लाख. माझ्याकडे ती मुंबईच्या एका गृहस्थांकडून आली, एका बऱ्यापैकी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या भावात. ही तुलना माझी नव्हे, आमच्या हिची. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातण्याचं, छोटं शॉप आहे, त्यामुळे घरात सोफ्यापासून सहलीपर्यंत सगळ्याची किंमत मशीनमध्येच मोजली जाते.

गृहस्थ हौशी होते. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, पुण्याच्या एका मुलाने लिहिलेला नवा मॅप (इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची याचा तक्ता), एवढं सगळं तिच्यासोबत आलं. एक्झॉस्ट मी लगेच उतरवला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्येच सांगून ठेवलंय, आणि जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो पेपरात येतातच. आरसीवर ज्याची नोंद आहे त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, अशी मी स्वतःला अट घालून घेतली आहे. नशिबाने मूळचा सायलेन्सर गृहस्थांनी गोधडीत गुंडाळून माळ्यावर जपून ठेवला होता.

आणि खरं सांगायचं तर त्या मूळच्या सायलेन्सरमधून येणारा आवाज मला पुरतो. आईला पहिल्या दिवशी वाटलं, पोराने बिघडलेलीच गाडी घेतली. एका जागी उभी असताना ती एकसारखी चालत नाही, अडखळल्यासारखी गुरगुरते. कारण शोधायला गेलो आणि त्या नादात माझी एक रात्र गेली. आठ सिलिंडर, चार उजव्या ओळीत, चार डाव्या. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, दोन फेरे घेतो, म्हणजे 720 अंश, तेवढ्यात आठही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर 90 अंशाला एक ठिणगी, हिशेब सरळ आहे. गंमत पेटण्याच्या क्रमात आहे: 1-5-4-8-6-3-7-2. एक ते चार उजव्या ओळीतले, पाच ते आठ डाव्या. आता तो क्रम पुन्हा वाचा. उजवा, डावा, उजवा, डावा, आणि लगेच पुन्हा डावा. आठनंतर सहा, दोघे एकाच ओळीतले. तसंच शेवटच्या दोननंतर फिरून एक येतो, तेही एकाच ओळीतले. इंजिन समान अंतराने पेटतं, पण एकेका बाजूच्या नळीत धूर विषम अंतराने ढकलला जातो. ज्या गुरगुरीसाठी लोक लाखो रुपये मोजतात ती एवढ्यातून येते. तो क्रम आता मला स्वतःच्या मोबाइल नंबरइतका पाठ आहे, आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो की आपोआप ओठांवर येतो.

सिग्नलला थांबण्याचे प्रसंग मात्र भरपूर. सिंहस्थाच्या कामांसाठी निम्मं शहर खोदलेलं आहे, त्यामुळे गंगापूर रोडला दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याचा योग सकाळी सहाच्या आत. मोकळा रस्ता हवा तर समृद्धी महामार्ग. जून 2025मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वेगमर्यादा ताशी 120. मी शॉपमधला माणूस, कागद-पेन घेऊन बसलो: गाडीचं वजन पावणेदोन टन, हवेचा विरोध, टायरांचा विरोध. 120च्या स्थिर वेगाला सपाट रस्त्यावर लागतात जेमतेम तीस-पस्तीस अश्वशक्ती. एका ट्रॅक्टरचं काम, त्यातही थोडं शिल्लक. बाकीचे सात ट्रॅक्टर मी इगतपुरीच्या बोगद्यातून नुसते हवापालट करून आणतो.

“मग घेतली कशाला?” हा प्रश्न घरात दर महिन्याला, पेट्रोलचं बिल आलं की येतो. वेगासाठी घेतली असं म्हणावं तर वर दिलेला हिशेब माझ्याच हातचा आहे. मला या गाड्यांपेक्षा त्यांच्या मागे लागलेल्या माणसांचं वेड जास्त आहे. कारखान्याने लाखोंनी काढलेली, चांगली धडधाकट गाडी घ्यायची आणि म्हणायचं, यात अजून काहीतरी राहिलंय.

कॅरोल शेल्बी हा टेक्सासमधला कोंबडीपालक. कोंबड्या रोगाने मेल्या, धंदा बुडाला, मग शर्यतीत उतरला. अंगात शेतावरची पट्ट्यापट्ट्यांची डांगरी घालूनच गाडी चालवायचा. 1959मध्ये ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकला, पुढच्याच वर्षी हृदयाच्या दुखण्याने चालवणं सोडावं लागलं, तर दुसऱ्यांच्या गाड्या बनवायला लागला. 1965मध्ये त्याने सुधारलेली मस्टँग आली, जीटी 350. या 350चा अश्वशक्तीशी संबंध नाही आणि इंजिनाच्या मापाशीही नाही. नावावरून बैठकीत घोळ चालला होता, तेव्हा त्याने आपल्या इंजिनिअरला विचारलं, या शेडपासून त्या शेडपर्यंत अंतर किती? तो चालून आला आणि म्हणाला, असेल साडेतीनशे फूट. झालं, तेच नाव. अंबडमध्ये असं नाव ठेवलं तर मालक वेडा झाला म्हणतील, पण मला ही गोष्ट फार आवडते.

डॉन येंको तर पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग या छोट्या गावचा शेवरोलेचा डीलर. कंपनी तिच्या कमॅरो या गाडीत स्वतःचंच सात लिटरचं इंजिन बसवून देईना, म्हणून हा स्वतःच्या सर्व्हिस वर्कशॉपमध्ये नव्याकोऱ्या गाड्या उघडून ते बसवायचा. 1969मध्ये त्याने कंपनीच्याच एका खास ऑर्डरच्या वाटेने तशा गाड्या थेट कारखान्यातून काढून घेतल्या. साध्या डीलरने हे केलं! आणि जॅक राउश हा गणित शिकलेला, डोक्यावर कायम गवती हॅट घालणारा माणूस. त्याचं नाव आजही मिशिगनमध्ये ट्यून झालेल्या मस्टँगांवर लागतं. ज्याने हात लावला त्याचं नाव गाडीवर, ही या धंद्याची रीतच आहे.

आमच्या धंद्यात उलट. आमच्याकडची बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, कुठल्या गाडीत गेली हे आम्हाला कळत नाही, आणि ती बुश कुणी काढली हे गाडीवाल्याला. बॉक्सवर बॅच नंबर असतो, तोही फक्त रिजेक्शन आलं की बघतात.

आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, बाबांच्या काळापासूनचे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. गाडी पहिल्यांदा शॉपवर आणली तेव्हा पोरांनी सेल्फी काढल्या. मामांनी बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, “हे इंजिन कुणी बांधलं?”

“फोर्डने.”

“फोर्ड काय पाना घेऊन बसला होता का?”

माझ्या गाडीचं इंजिन कॅनडात, विंडसरच्या कारखान्यात बनलं, त्यावर कुणाचंच नाव नाही. पण मामांना मी रोमिओची गोष्ट सांगितली. मिशिगनमध्ये रोमिओ नावाच्या गावी फोर्डचा इंजिन कारखाना होता. तिथे 1996पासून मस्टँग कोब्राची इंजिनं दोघादोघांच्या जोड्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने जोडायच्या, आणि काम झालं की त्या दोघांच्या सह्यांची पट्टी इंजिनावर लागायची. मामा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा गाडीखाली डोकावत होते.

काम त्यांनी स्वतःहून शोधलं. अमेरिकेतले ट्यूनर गाडी खाली आणतात, आणि नाशिकचे स्पीडब्रेकर ती वर न्यायला लावतात. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी नागरिकांनी स्वखर्चाने बांधलेला एक आहे, तो मी तिरकी गाडी घालून, मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खात ओलांडायचो. मामांनी मापं घेतली आणि पुढच्या स्प्रिंगांसाठी ॲल्युमिनियमचे बारा मिलिमीटरचे दोन स्पेसर, म्हणजे गाडी वर उचलणाऱ्या चकत्या, काढल्या. दोन्ही बाजूंची समांतरता वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत. मी म्हटलं, मामा, स्पीडब्रेकरला मायक्रॉन कळतात का? ते म्हणाले, “मला कळतात.”

मग पुण्याच्या त्या मुलालाही बोलावलं. सडपातळ, हातात लॅपटॉप, बोलणं कमी. त्याचा मॅप जुन्या पेट्रोलसाठी लिहिलेला होता आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, म्हणजे ते वेळेआधी पेटत नाही, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. म्हणजे इंधन जास्त सोडावं लागतं, बदल्यात ठिणगी किंचित आधी टाकता येते. फार आधी टाकली की इंजिन ठोकायला लागतं, आतून टकटक आवाज येतो. ते ऐकायला इंजिनावर सेन्सर असतातच, पण हा मुलगा स्वतःही मान तिरकी करून ऐकत होता. दिंडोरी रोडने आम्ही जात-येत राहिलो, तो मधेच “परत तिसऱ्यात” म्हणायचा आणि एखादा आकडा बदलायचा. अमेरिकेत हेच इंजिन 435 अश्वशक्तीचं म्हणून विकलं गेलं, भारतात आलं ते चारशेच्या घरात. मधले पस्तीस मिळतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काका, तुम्ही वापरणार कुठे?” एवढा प्रामाणिक तंत्रज्ञ मला एमआयडीसीतही क्वचितच भेटलाय. फरक पडला तो कमी वेगात: पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके खायची, आता रिक्षांच्या मागे मुकाट चालते.

तेव्हा ठरवलं, रोमिओसारखी पट्टी आपणही लावायची. स्टेनलेसची छोटी पट्टी शॉपमध्येच कापली, कडांची धार घासून काढली, आणि मामांना घेऊन भांडीबाजारात गेलो. भांड्यांवर नावं घालणारे एक काका तिथे बसतात. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, मशीन हातात घेतलं आणि सवयीने विचारलं, “कुणाकडून, कुणाला? लग्न की वास्तुशांत?”

म्हटलं, कुणाकडून नाही. ज्यांनी काम केलं त्यांची नावं घालायची.

“म्हणजे भांडं करणाऱ्याचं?” त्यांनी मशीन खाली ठेवलं. “तसं कुणी घालत नाही हो.”

घालत नाहीत हे खरंच. आमच्या घरातल्या पितळी घागरीवर आत्याचं नाव आहे, पातेल्यावर मामेआजोबांचं, ताटांवर तर अख्खं सासर आहे. तांबट आळीत ठोके घालून ज्याने ती घागर घडवली त्याचं नाव कुठेच नाही, आणि ते असावं असं घरात कधी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

काका तयार झाले, पण दर अक्षराप्रमाणे. मामांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शिवाय गाव आणि तालुका सांगितला. पट्टीत बसेना. तालुका काढायला ते राजी होते, गाव काढायला नाही. पुण्याच्या मुलाला फोन लावला, तर त्याला नाव नकोच होतं. त्याला इन्स्टाग्रामवरचं टोपणनाव हवं होतं, मधल्या अंडरस्कोअरसकट. अंडरस्कोअर म्हणजे काय हे काकांना मी कागदावर काढून दाखवलं. आता ते अक्षर धरायचं की नाही, यावर मामा आणि काका यांच्यात बराच वाद झाला. काकांचं म्हणणं, हात चालला म्हणजे पैसे. मामांचं म्हणणं, नुसती रेघ आहे, आम्ही दिवसाला अशा हजार मारतो. शेवटी काकांनी रेघ फुकट दिली आणि मामांच्या गावाच्या नावातल्या काना-मात्रांचे वेगळे पैसे लावले.