नम्रतेची पाळी

परदेशात राहिलं की माणूस आपोआप नम्र होतो, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. नव्या देशात आपली पदवी, हुद्दा, घराणं कुणालाच ठाऊक नसतं. आपलं नाव समोरचा तीनदा विचारतो आणि शेवटी आपणच म्हणतो, 'जमेल तसं म्हणा.' पण हे झालं मान उतरणं. असा माणूस आतून धुमसत असू शकतो, आणि आपल्यामागून कुणी नवा आला की त्याच्यावर दुप्पट रुबाब झाडतो. प्रार्थनामेळाव्यांतही हे दिसतं, म्हणून लिहितेय.

ख्रिस्ती लीनता शिकायची खरी जागा मला स्वयंपाकघर वाटते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या 7व्या प्रकरणात लीनतेच्या 12 पायऱ्या आहेत, आणि प्रवचनांत बहुधा त्याच ऐकायला मिळतात. मी मात्र 35व्या प्रकरणावर जास्त रेंगाळते. स्वयंपाकाची आठवड्याची पाळी कशी लावायची, ते तिथे आहे. आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडले, तर पाळी कुणालाच चुकत नाही. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे. मग जाणारा आणि येणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी कोठाराच्या प्रमुखाकडे परत द्यायची, स्वच्छ आणि धड. अशक्तांना मदतनीस द्या, म्हणजे ते कष्टी होऊन काम करणार नाहीत, हेही आहे. मनात नम्रता दाटून आली की नाही, याची चौकशी इथे नाही. भांडी धड आली का, ते बघा!

आमच्या चर्चमध्येही उपासनेनंतरच्या कामांची यादी फळ्यावर लागते. एका रविवारी रुग्णालयातली मोठी डॉक्टर आणि त्याच रुग्णालयात फरशी पुसणारा मुलगा एकाच बेसिनपाशी उभे होते. कप उपडे कसे घातले म्हणजे पाणी निथळतं, हे तो तिला दाखवत होता. तिने दोन कप चुकीचे ठेवले, त्याने ते उचलून पुन्हा घातले. ती 'बरं' म्हणाली आणि पुढचा कप घेतला.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात येते. धुवायला माणसं पुढे येतात. धुवून घ्यायला कुणी तयार नसतं. आणि जे तयार होतात ते घरून पाय घासून, नवे मोजे घालून येतात. (मीसुद्धा!) योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्रही आधी ठाम नकारच देतो. 2013 च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या कारागृहात 12 तरुणांचे पाय धुतले, तेव्हा सगळं जग पोपकडे बघत होतं. मला त्या मुलांचं वाटलं. अनोळखी म्हाताऱ्यासमोर, तोही पोप, अनवाणी पाय पुढे करायचा! परक्या देशात नव्याने आलेल्यांना मदत देऊ केली की 'नको, आमचं आम्ही बघू' हे उत्तर ठरलेलं. ते संकोचातून येतं हे खरं, पण कुणाचं देणं नको हा ताठाही त्यात असतो.

मग नम्र माणसाने प्रत्येकापुढे मान तुकवायची का? पंडिता रमाबाईंचा 1883 ते 1886 हा इंग्लंडमधला काळ आठवतो. वॉन्टेजच्या मठात राहताना त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी श्रद्धेच्या प्रश्नांवर त्यांचे पत्रांतून खटके उडाले. रमाबाईंचा अहंकार नडतो आहे, असं सिस्टरना वाटे. मला स्वतःची विवेकबुद्धी आहे, एका पुरोहितवर्गाचं जोखड कष्टाने उतरवलंय, दुसरं चढवून घेणार नाही, असं रमाबाईंनी स्पष्ट कळवलं. ज्यांच्या हाती अधिकार असतो त्यांना समोरच्याचा प्रश्न चटकन गर्व वाटतो, हे चर्चमध्ये आजही घडतं. याच रमाबाईंनी पुढे आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली. संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी 'पंडिता' म्हणून गौरवलेल्या या बाईने भाषा मात्र निवडली ती कमी शिकलेल्या बायकांना वाचता येईल अशी साधी मराठी. 1922 मध्ये त्या गेल्या. ते बायबल 1924 मध्ये छापून निघालं.