गोळी चालू असतानाचा थकवा

गर्द, म्हणजे हेरॉइनची नशा, सुटून आठ महिने झाले. रोज सकाळी ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची, गर्दची तलफ रोखणारी गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटे, न बोलता खिडकीपाशी बसून राहतो. तलफ आता जवळजवळ येत नाही; पण दुपारी दोनच्या सुमारास अंगातले त्राणच निघून जाते आणि जेवणाचा डबा घासणेही डोंगराएवढे वाटते.

आईचे म्हणणे होते की ही गुंगी गोळीचीच आहे, तेव्हा ती बंद करावी. तिची काळजी खरी होती. परंतु गोळी अचानक सोडून पुन्हा गर्दकडे वळलो, तर शरीराची सवय मोडलेली असल्यामुळे पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते, हे मी तिला समजावले.

मग डॉक्टरांपुढे आठवडाभराची वही ठेवली. गोळीची वेळ, झोप, पेंग, बद्धकोष्ठ, सारे तीत लिहिले होते. त्यांनी आधी घोरण्याबद्दल विचारले, कारण या औषधांवर असताना झोपेत श्वास अडखळू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही घटू शकते, म्हणून रक्त तपासायला सांगितले. मात्रा थोडी कमी केली. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांना मात्र सक्त मनाई केली, कारण त्यांच्यासोबत श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

आता दुपारी वीस मिनिटे पडतो आणि ऊन उतरल्यावर आईबरोबर भाजी आणायला चालत जातो. परवा पिशवी मी उचलली.