पाइप येतो, बेंड येत नाही

गोव्यात रस्ता खोदायचा हंगाम साधारण तुळशीच्या लग्नाला सुरू होतो आणि मेअखेर संपतो. पावसात खोदकामाला परवानगी मिळत नाही आणि मिळाली तरी खाजनाकडेच्या (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीच्या) भागात चर उभा राहत नाही. म्हणजे हातात सहा-साडेसहा महिने. पालिका हद्दीतली जलवाहिनीसुद्धा आपल्याकडे पालिका टाकत नाही. हे काम साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) होते, आता पेयजल खात्याकडे आहे. पालिकेशी संबंध येतो तो रस्ता खोदायच्या परवानगीपुरता. जानेवारीत वर्क ऑर्डर हातात पडली, मग कोटेशने मागवली, मार्चअखेर पाइप उतरले, की दीडदोन महिन्यांत जेवढे होईल तेवढे काम होते आणि बाकीचे पुढच्या वर्षावर जाते. म्हणून आम्हा ठेकेदारांचा नेम ठरलेला आहे: चवथीपूर्वी ऑर्डर गेली पाहिजे, दिवाळीला माल यार्डात पाहिजे, शिगम्यापर्यंत निम्म्या लाइनचे टेस्टिंग आटोपले पाहिजे.

लवकर मागवायचे म्हटले की सगळे आधी पाइपच्या मागे लागतात. माझ्या अनुभवात डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाच्या) पाइपने काम क्वचितच अडते. १००, १५०, २००, ३०० मि.मी. हे व्यास कारखान्यात नेहमी चालू असतात, ऑर्डर दिल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत ट्रेलर दारात. अडतात ते स्पेशल, म्हणजे टी (फांदीचा जोड), बेंड (वळणाचा), टेपर (व्यास बदलणारा), कॉलर (दोन टोके जोडणारा) आणि फ्लँजचे, म्हणजे बोल्टची भोके असलेल्या चकतीचे तुकडे. हे वेगळ्या फाउंड्रीत ओततात, आणि तुमचे चार ३०० बाय १५० टी ओतण्यासाठी कोणी साचा लावत नाही. दुसऱ्या कोणाची ऑर्डर जमेपर्यंत थांबावे लागते. तेवढ्यात एप्रिलची एखादी वळवाची सर आली की गंमत बघावी. ३०० चा के९ (के हा भिंतीच्या जाडीचा वर्ग) पाइप अस्तरासह मीटरला साठेक किलो भरतो, आणि त्याच्या बाहेरच्या ३२६ मि.मी. व्यासाने मीटरमागे ८३ किलो पाणी बाजूला सरते. एका बेंडसाठी तोंड बंद करून ठेवलेली लाइन भरलेल्या चरात सरळ तरंगते. सांधे उखडतात, पाइपखालचे बेडिंग वाहून जाते, सगळे पुन्हा.

पाइपचा हिशेब अवघड नाही. समजा २०० मि.मी.ची ४.२ किलोमीटर लाइन आहे. ५.५ मीटर कार्यकारी लांबीचे ७६४ पाइप लागतात, कापाकापीला दोन टक्के धरले की ७८०. २०० चा के९ पाइप अस्तरासह साधारण २०० किलोंचा, म्हणजे एकूण १५६ टन. ट्रेलरला २५ टन धरले तर सात खेपा. ऑर्डरमध्ये आयएस ८३२९ (डीआय पाइपचे भारतीय मानक), के वर्ग, आतले सिमेंट अस्तर आणि बाहेरचा जस्त व बिटुमेनचा थर स्पष्ट लिहायचा. वर्गाची जाडी हाताने काढता येते: व्यास मीटरमध्ये घेऊन त्यात ०.५ मिळवा आणि वर्गाच्या आकड्याने गुणा. २०० च्या के९ ला ६.३ मि.मी., ३०० ला ७.२. खाजनाच्या कडेने लाइन जात असेल तर तेवढ्या लांबीसाठी पॉलिथिनची स्लीव्ह याच ऑर्डरमध्ये घालावी, कारण खारी चिखलमाती जस्ताला फार दिवस टिकू देत नाही. मोठ्या व्यासात आणखी एक गोष्ट: प्रत्येक पाइप मध्ये कापला की गोल मिळेलच असे नाही. कापायचे पाइप 'कटेबल' म्हणून वेगळे मागवून त्यांवर रंगाची खूण करून घ्यावी, नाहीतर कापलेले टोक सॉकेटात (पुढच्या पाइपच्या रुंद तोंडात) जात नाही आणि ग्राइंडर घेऊन बसावे लागते.

स्पेशलची यादी मात्र नकाशावरून करू नये. नकाशात रस्ता सरळ दिसतो. जागेवर मध्येच गटार, टेलिफोन डक्ट, जुनी एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटची) लाइन आणि कोणाचा तरी जिना निघतो. ऑर्डरआधी ट्रायल पिट खणायचे: प्रत्येक चौकात एक, प्रत्येक कलव्हर्टच्या (मोरीच्या) दोन्ही बाजूंना एकेक, आणि जुन्या लाइनला जिथे जोड द्यायचा तिथे एक. जुन्या लाइनचा व्यास कागदावरून धरू नये. पाइप उघडा करून बाहेरून टेप गुंडाळा आणि आलेल्या घेराला ३.१४ ने भागा. २०० च्या डीआयचा घेर ६९७ मि.मी. येतो, ३०० चा १०२४. वेगळा आकडा आला तर साधा कॉलर बसणार नाही, जास्त रेंजचे कपलिंग मागवावे लागेल, आणि त्याला वेळ लागतो. प्रत्येक हलके वळण बेंडने घ्यायची गरज नसते. सांध्यात ३ अंश वळवले तरी ५.५ मीटरच्या पाइपचे टोक २९ सें.मी. सरकते. किती अंश चालतील ते उत्पादकाच्या तक्त्यात व्यासानुसार दिलेले असते. असे केले की नकाशातले निम्मे ११¼ अंशांचे बेंड गळतात.

मग प्रत्येक जोडणीचे हातभर कागदावर चित्र काढायचे आणि भाग मोजायचे. २०० च्या लाइनवरून १०० ची फांदी काढायची तर: २०० बाय १०० ची, फांदीला फ्लँज असलेली डबल सॉकेट टी १, १०० चा स्लुइस व्हॉल्व्ह (पाणी बंद करायची झडप) १, फ्लँज सॉकेट १, एम१६ चे (१६ मि.मी. जाडीचे) बोल्ट ८ आणि ८ मिळून १६, रबर इन्सर्शन (फ्लँजमधली रबरी चकती) २. असे चाळीस नोड (जोडणीच्या जागा) काढले की यादी आपोआप होते. त्यावर चार-पाच टक्के कॉलर जास्त घ्यावेत. कॉलर कधी वाया जात नाही.

व्हॉल्व्हची एक खोड सांगतो, कारण ती नेहमी उशिरा लक्षात येते. १५० पर्यंत पीएन १० आणि पीएन १६ (पीएन हा दाबाचा वर्ग) च्या फ्लँजची भोके सारखीच असतात. २०० ला फरक पडतो: पीएन १० ला ८ भोके, पीएन १६ ला १२. एका पुरवठादाराने स्पेशल पीएन १० चे आणि व्हॉल्व्ह पीएन १६ चे पाठवले. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते, पण एकमेकांना बसेनात. तेव्हापासून ऑर्डरमध्ये 'सर्व फ्लँज एकाच ड्रिलिंगचे' हे वाक्य आणि भोकांची संख्या आम्ही लिहून देतो. मुख्य लाइनवरच्या २०० च्या एका व्हॉल्व्हला पीएन १० मध्ये १६ बोल्ट लागतात, पीएन १६ मध्ये २४. बोल्टची ऑर्डरही त्यावरच ठरते.

तपासणी कारखान्यातच, माल निघण्यापूर्वी करून घ्यायची. त्रयस्थ संस्थेचा माणूस पाण्याच्या दाबाची चाचणी बघतो आणि लॉट क्रमांकासह दाखला देतो. यार्डात उतरवताना सॉकेटवरचा क्रमांक दाखल्याशी जुळवून बघणारा एक मुलगा उभा ठेवावा. न जुळणारे पाइप बिलात अडकतात, आणि ते तीन महिन्यांनी कळते. उतरवताना पाइपच्या पोटात हूक घालू देऊ नये, आतले अस्तर फुटते. रुंद पट्टा घ्यावा. टोकाला शंका आली तर हलकी हातोडी मारा. चांगला पाइप घंटेसारखा वाजतो, तडा असलेला बद्द. तुटफूट दिसली तर ती ड्रायव्हरसमोर बिल्टीवर लिहून सही घ्यायची, नंतरचे पत्र कोणी वाचत नाही. भाव 'साइट पोच' असला तरी उतरवण्याचा खर्च बहुधा आपलाच. हायड्राचे (छोट्या क्रेनचे) भाडे आधीच धरा. आणि ट्रेलर वाड्यात वळत नाही हे ऑर्डर देतानाच लक्षात घेऊन मोकळ्या जागेत यार्ड घ्यावे आणि तिथून छोट्या ट्रकने पाइप न्यावेत. पावसात घाटात जड गाड्यांवर निर्बंध येतात, म्हणून ऑगस्टच्या पोचीवर विसंबू नये.

पैशाचे म्हणाल, तर करारात साहित्यावर ॲडव्हान्सचे कलम आहे का ते निविदा भरतानाच बघायचे. असले तरी माल जागेवर, मोजलेला आणि दाखल्यासह असल्याशिवाय रक्कम सुटत नाही. वर्षाच्या आतल्या कामात भाववाढीचे कलम बहुधा नसतेच, आणि कोटेशन पंधरा-वीस दिवसांवर धरून राहत नाही. लवकर घेण्यातला फायदा इथेच आहे, पण व्याज आणि यार्डाचे भाडे त्यातून वजा करा.

सगळेच लवकर घेऊ नये. हायवे किंवा रेल्वेखालच्या क्रॉसिंगचे एमएस केसिंग (पाइपबाहेरचा पोलादी नळा) लेखी परवानगी आल्याशिवाय मागवायचे नाही, लांबी हमखास बदलते. सिमेंट आमच्या दमट हवेत तीन महिन्यांत गोळे धरते. घरजोडणीचे फेरूल आणि सॅडल शेवटच्या महिन्यात सहज मिळतात.

यार्डात पाइप थेट मातीवर ठेवू नयेत. दोन लाकडी ओंडक्यांवर, सॉकेट एकदा या बाजूला एकदा त्या, आणि कडेला पाचरी. व्हॉल्व्ह बंद करून, फ्लँजवर झाकण लावून, शेडमध्ये उभे ठेवावेत. बोल्टच्या पेट्या ग्रीस लावून कुलपात, कारण चोरीला पहिले तेच जातात. रबर रिंगांचे मात्र वेगळे. पाइपच्या सांध्यात बसणाऱ्या या रिंगा आयएस ५३८२ च्या, पाइपच्याच कारखान्यातून, पाइपसोबत मागवायच्या. दुसऱ्याची रिंग खाचेत बसल्यासारखी दिसते आणि टेस्टिंगला गळते. पोत्यातून काढून अंधाऱ्या थंड खोलीत सैल ठेवायच्या, खिळ्याला टांगायच्या नाहीत, जनरेटर किंवा वेल्डिंगच्या खोलीत तर नाहीच, तिथल्या ओझोनने रबराला भेगा पडतात. लावायच्या आदल्या दिवशी प्रत्येक रिंग बोटांत दुमडून उजेडाकडे धरून बघावी. घडीवर केसाएवढी रेघ दिसली की ती रिंग बाजूला.