आधी गिऱ्हाईक, मग कामगार: व्हिएन्नाची रोजगारनीती मराठवाड्यातून पाहताना

व्हिएन्नातील घराघरांतून बाद झालेले संगणक, धुलाई यंत्रे आणि मोबाइल ज्या ठिकाणी सुटे केले जातात, त्यांपैकी एक ‘डीआरझेड’ नावाचे केंद्र आहे. ते शहरातील प्रौढशिक्षण संस्था चालवते, माल महापालिकेच्या कचरा विभागाकडून येतो आणि हातात पेचकस घेऊन यंत्रे उघडणारे कामगार बहुतांशी दीर्घकाळ बेरोजगार राहिलेले लोक असतात. तांबे, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळे होते, दुरुस्त होण्यासारखे यंत्र दुरुस्त करून विकले जाते आणि काही सुट्या भागांपासून दागिने व घरातल्या वस्तूही बनतात. लातूरहून इथे राहायला आल्यापासून या शहरातल्या ज्या व्यवस्थांनी मला विचार करायला लावला, त्यांत ही पहिली आहे. कारण इथे माणसाला काम शिकवण्याआधीच त्या कामाला गिऱ्हाईक ठरवून ठेवलेले आहे आणि ते गिऱ्हाईक म्हणजे खुद्द शहर आहे.

अशा उद्योगांत कामावर घेतली जाणारी माणसे कोण असतात, हे समजून घेतले पाहिजे. पन्नाशीनंतर नोकरी सुटलेला कामगार, जर्मन भाषा नीट न येणारा निर्वासित, व्यसनातून बाहेर पडलेला तरुण, मुले वाढवण्यात अनेक वर्षे गेलेली स्त्री. त्यांना नेमणूकपत्र मिळते, ठरलेल्या दराने पगार मिळतो, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब सुरू होतो. नेमणूक मात्र मुदतीची असते, कारण या काळात सवय, आत्मविश्वास आणि अनुभवाचा दाखला मिळवून माणसाने नेहमीच्या नोकरीत जावे, अशी अपेक्षा असते. कामाच्या जागीच समुपदेशक असतो आणि माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कणा तोच आहे. डोक्यावर कर्ज, घर जाण्याची भीती, न्यायालयाची तारीख, आजारी आई: माणूस कामावर टिकत नाही त्यामागे बहुतेक वेळा अशी कारणे असतात आणि ती कोणत्याही कौशल्य प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात येत नाहीत.

यासाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग ‘एएमएस’ या राष्ट्रीय रोजगार सेवेकडून येतो. १९९४ मध्ये ती मंत्रालयापासून वेगळी करण्यात आली आणि तिच्या कारभारात सरकारबरोबर मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधीही बसतात. व्हिएन्नाने त्यावर अवलंबून न राहता १९९५ मध्ये ‘वाफ’ नावाचा स्वतःचा रोजगार निधी उभारला. पन्नाशी ओलांडलेल्या बेरोजगारांसाठी २०१९ मध्ये या दोन संस्थांनी मिळून मोहीम सुरू केली, तीत अशा व्यक्तीला कामावर घेणाऱ्याला ठरावीक काळ पगाराच्या खर्चात साहाय्य मिळते.

सगळेच उद्योग महापालिकेच्या कामावर चालत नाहीत. ‘कारितास’ या कॅथलिक सेवाभावी संस्थेने २०१५ मध्ये आपल्या जुन्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत ‘माग्दास’ नावाचे हॉटेल सुरू केले. तिथे स्वागतकक्षापासून स्वयंपाकघरापर्यंत निर्वासित काम करतात आणि ज्या भाषा एरवी त्यांच्या अडचणीच्या समजल्या जातात, त्याच तिथे पाहुण्यांशी बोलताना उपयोगी पडतात.

दोष नाहीत असे नाही. मुदत संपली की ज्याला नोकरी मिळाली नाही तो पुन्हा त्याच रांगेत येतो, आणि सरकार बदलले की निधीचे मोजमापही बदलते. साठीच्या जवळ आलेल्या, प्रकृती साथ न देणाऱ्या माणसाला एक वर्षाच्या सरावानंतर खुल्या बाजारात कोणी घेईल, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. या प्रश्नाचे एक उत्तर व्हिएन्नापासून जवळच, ग्रामाटनॉयझीडल गावातील मारिएनथाल या वस्तीत शोधले गेले. १९३० च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल या संशोधकांनी बेरोजगारीचा माणसावर होणारा परिणाम नोंदवला होता. लोकांना भरपूर वेळ मिळाला, तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले आणि पुरुषांचे रस्त्यावरचे चालणेसुद्धा मंदावले. त्याच गावात ऑक्टोबर २०२० पासून दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असल्यास, पगारी काम देण्याचा प्रयोग झाला. सुतारकाम, बागकाम, जुन्या वस्तूंची डागडुजी अशी कामे माणसाकडे पाहून उभी करण्यात आली. प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना आढळले की उत्पन्नाबरोबरच लोकांची मनःस्थिती आणि गावातले त्यांचे स्थानही सुधारले.

हे वाचताना मला आपले आजी-आजोबा आठवतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. मागेल त्याला काम देण्याची महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच काळात आकाराला आली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि केंद्राने २००५ मध्ये देशाच्या ग्रामीण भागासाठी कायदा केला. म्हणजे ऑस्ट्रियाने २०२० मध्ये एका गावात ज्याचा प्रयोग केला, तो हक्क आपण कितीतरी आधी कायद्यात लिहिला. मात्र तो प्रामुख्याने मातीकामाचा आणि खेड्यापुरता राहिला. लातूर, बीड, परभणीच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी, किंवा मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी कोयता उचलणाऱ्या आणि आता कंबर मोडल्यामुळे शहरात स्थिरावू पाहणाऱ्या बाईसाठी त्यात फारसे काही नाही. तिला शिवणकामाचे प्रमाणपत्र मिळते, पण शिवलेले कोण घेणार हे कोणी ठरवलेले नसते.

महापालिकेने ठरवले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी २००८ मध्ये महापालिकेने करार केला. उकिरड्यावर वेचणाऱ्या स्त्रिया त्यामुळे घरोघरी जाऊन कचरा घेणाऱ्या सेवादार झाल्या.

खरेदीच्या नियमांत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार सार्वजनिक कंत्राटे अशा संस्थांसाठी राखून ठेवता येतात, ज्यांचे किमान ३० टक्के कामगार दिव्यांग किंवा वंचित गटांतील आहेत. आपल्याकडे केंद्राच्या धोरणात २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून, त्यातही ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून करायची आहे. हे योग्यच आहे, परंतु त्यात मालक कोण हे पाहिले जाते, काम कोण करते हे पाहिले जात नाही. रुग्णालयाच्या चादरी धुणे, शाळांचे गणवेश शिवणे, बाकांची दुरुस्ती, ओल्या कचऱ्याचे खत, उद्यानांची निगा ही कामे आपल्या शहरांतही वर्षानुवर्षे निघतात. त्यांतील काही कामांच्या निविदेत कामगारांविषयीची अशी अट घालता येईल आणि ती पुरी करणाऱ्या बचत गटांच्या संघाला ती कामे सलग तीन वर्षांसाठी देता येतील. त्याबरोबर बिलेही वेळेवर निघाली पाहिजेत. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहेच. तेव्हा या गटांची उद्योग म्हणून नोंदणी करून देण्याचे काम महापालिकेने पहिले कंत्राट देण्याआधीच हाती घ्यावे.